घरच्या कॉम्प्युटरवर कॅलेंडरची आठवण वेळेवर यावी म्हणून

कॅलेंडरमध्ये तारीख टाकली की काम झालं, असं आपण धरून चालतो. मग ऐन दिवशी कॉम्प्युटर गप्प राहतो, वीजबिलाची मुदत उलटते आणि बोल लागतो आपल्या विसरभोळेपणाला. खरं म्हणजे बहुतेक वेळा तारीख बरोबर टाकलेली असते, आठवण मध्येच कुठेतरी अडकलेली असते. सोसायटीत आलेलं कुरिअर आधी गेटवरच्या वॉचमनपाशी, मग लिफ्टपाशी आणि मग आपल्या दाराशी पोचतं. या सूचनेचंही तसंच आहे. कॅलेंडर, ब्राउझर आणि विंडोज या तिघांनी सोडलं तरच ती पडद्यावर येते. एकाने जरी अडवलं तरी काही दिसत नाही, आणि कुणी अडवलं हेही कळत नाही. म्हणून आपण याच क्रमाने जाऊ.

हातात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पण आमच्या इमारतीतल्या एक काकू सकाळपासून ऑनलाइन शिकवण्या घेतात. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला आणि समोर पडदा. सोसायटीचे हिशेब बघणारे काका तीन तीन तास एक्सेलमध्ये असतात. घरून नोकरी करणाऱ्यांचं तर सांगायलाच नको. नजर जिथे आहे तिथेच आठवण आली पाहिजे.

मी गूगल कॅलेंडर धरून सांगतो, कारण फोन अँड्रॉइड असेल तर तेच खातं दोन्हीकडे चालतं आणि एकदा टाकलेली तारीख दोन्हीकडे दिसते. आउटलुक आणि मॅकवाल्यांसाठी पुढे लिहिलंय. बटणांची नावं इंग्रजीत जशी दिसतात तशीच देतोय. सेटिंग्जमधून भाषा मराठी करता येते, पण नवशिक्यांनी सुरुवातीला इंग्रजीच ठेवावी असं मला वाटतं. अडलं आणि भाच्याला फोन लावला, तर दोघांना एकच शब्द दिसतो.

पहिली पायरी: कॅलेंडर

क्रोम किंवा एज उघडा, वर पत्त्याच्या जागी कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम टाका आणि फोनवर ज्या जीमेलने लॉगिन आहात त्याच जीमेलने लॉगिन करा. घरात एकाच कॉम्प्युटरवर तिघांची खाती असतात, म्हणून उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारून कुणाचं खातं उघडलंय ते आधी पाहा. बाबांची तारीख मुलाच्या खात्यात गेली की आठवण मुलाला येते.

वर उजवीकडे दातेरी चाकाचं चिन्ह आहे. त्यात ‘सेटिंग्ज’. डावीकडे ‘जनरल’खाली ‘टाइम झोन’ आहे, तिथे जीएमटी अधिक 05:30, इंडिया स्टँडर्ड टाइम, कोलकाता असं दिसायला हवं. परदेशातून आलेला लॅपटॉप असेल किंवा मुलाने दुबईला असताना खातं उघडून दिलं असेल, तर इथे भलतंच असतं आणि सगळ्या आठवणी दीड-दोन तास चुकतात.

त्याच यादीत ‘नोटिफिकेशन सेटिंग्ज’ आहे. इथे तीन पर्याय मिळतात. ‘ऑफ’ म्हणजे काहीच नाही. ‘डेस्कटॉप नोटिफिकेशन्स’ म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट. ‘अलर्ट्स’ म्हणजे ब्राउझरमध्येच मधोमध चौकट उघडते आणि ‘ओके’ म्हटल्याशिवाय हटत नाही. बहुतेकांनी डेस्कटॉप नोटिफिकेशन्स घ्यावं, कारण ती तुम्ही वर्डमध्ये असलात तरी दिसते. त्याखाली आवाजाची चौकट आहे, तिच्यावर खूण करा.

आता डावीकडे खाली तुमच्या कॅलेंडरचं नाव दिसेल, त्यावर टिचकी मारा. आत ‘इव्हेंट नोटिफिकेशन्स’ आणि ‘ऑल-डे इव्हेंट नोटिफिकेशन्स’ असे दोन वेगळे भाग आहेत. पुष्कळ जण पहिला भाग बघतात आणि दुसरा सोडतात. बिल, वाढदिवस, श्राद्ध या दिवसभराच्या नोंदी असतात, त्यांना घड्याळाची वेळ नसते, म्हणून त्यांची आठवण कधी यावी हे या दुसऱ्या भागात ठरतं. तिथे ‘ॲड नोटिफिकेशन’ करून एक दिवस आधी, संध्याकाळी 6 वाजता असं ठेवा. उपासाचा साबुदाणा भिजत घालायचा असो की सकाळी बँकेत जायचं असो, आदल्या संध्याकाळी कळलं तर उपयोग होतो.

दुसरी पायरी: ब्राउझर

डेस्कटॉप नोटिफिकेशन्स निवडल्यावर ब्राउझर वर डावीकडे परवानगी मागतो. ‘अलाउ’ करायचं. घाईत कुणी आधीच ‘ब्लॉक’ केलं असेल तर तो पुन्हा विचारत नाही. अशा वेळी पत्त्याच्या डावीकडच्या छोट्या चिन्हावर टिचकी मारा, ‘नोटिफिकेशन्स’समोरचं बटण चालू करा आणि पान पुन्हा लोड करा.

इथे एक कळकळीची सूचना. कॅलेंडरला परवानगी दिली म्हणून दिसेल त्या साइटला ‘अलाउ’ म्हणू नका. बातम्यांच्या, पाककृतींच्या आणि फुकट सिनेमांच्या साइट हीच परवानगी मागतात आणि मग कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’, ‘केवायसी संपतंय’ असल्या खोट्या चौकटी येऊ लागतात. ज्येष्ठ मंडळी त्या खऱ्या समजून दिलेल्या नंबरावर फोन करतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. कॅलेंडर आणि तुम्हाला खरोखर लागणाऱ्या एक-दोन साइट ठेवा, बाकीच्या काढून टाका. आईवडिलांच्या कॉम्प्युटरवर हे तुम्हीच बसून करा.

तिसरी पायरी: विंडोज

सगळ्यात जास्त आठवणी इथे अडतात. विंडोज 11 मध्ये स्टार्ट, सेटिंग्ज, ‘सिस्टीम’, ‘नोटिफिकेशन्स’. सगळ्यात वरचं मुख्य बटण चालू हवं. खाली ॲप्सची यादी आहे, तिथे गूगल क्रोम किंवा मायक्रोसॉफ्ट एज, जे वापरता ते चालू हवं.

मग ‘डू नॉट डिस्टर्ब’ पाहा. विंडोज 10 मध्ये यालाच ‘फोकस असिस्ट’ म्हणतात. हे तुम्ही स्वतः लावलेलं नसलं तरी आपोआप चालू होतं. त्याच भागात कधी कधी आपोआप चालू व्हावं याची यादी आहे, आणि त्यात पूर्ण पडद्यावर ॲप चालू असताना, गेम खेळताना, पडदा टीव्हीवर जोडून दाखवताना असे पर्याय असतात. म्हणजे तुम्ही पूर्ण पडद्यावर सिनेमा बघताय आणि त्याच वेळी आठवण आली, तर विंडोज ती मुकाट्याने बाजूला ठेवतं. ज्यांना आठवण महत्त्वाची त्यांनी पूर्ण पडद्याची खूण काढून टाकावी.

चौकट आली तरी ती अवघे 5 सेकंद टिकते. चहा ओतून येईपर्यंत गायब. ही वेळ वाढवता येते, पण तो पर्याय नोटिफिकेशन्समध्ये नाही, म्हणून तो कुणाला सापडत नाही. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, मग ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’, आणि तिथे शेवटी ‘डिसमिस नोटिफिकेशन्स आफ्टर धिस अमाउंट ऑफ टाइम’. ही वेळ 5 मिनिटांपर्यंत नेता येते. ज्यांना नीट वाचायला वेळ लागतो, चष्मा शोधावा लागतो, त्यांच्या कॉम्प्युटरवर हा एक बदल तरी कराच. निसटलेल्या सूचना पाहायच्या तर विंडोज 11 मध्ये विंडोजचं बटण आणि एन एकत्र दाबा, विंडोज 10 मध्ये विंडोजचं बटण आणि ए. उजवीकडे सगळी यादी उघडते.

पान उघडं हवं

इतकं सगळं करूनही आठवण येत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे कॅलेंडरचं पान बंद केलेलं असतं. ब्राउझरमधलं गूगल कॅलेंडर उघडं असेल तरच चौकट दाखवतं. ते मागे दडलेलं चालतं, खाली मिटलेलं (मिनिमाइज केलेलं) चालतं, पण बंद केलेलं चालत नाही.

यावर मला पटलेला उपाय एजमध्ये आहे, आणि एज विंडोजबरोबर येतोच. एजमध्ये कॅलेंडर उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांत ‘ॲप्स’मध्ये जाऊन ती साइट ॲप म्हणून इन्स्टॉल करा. लगेच एक छोटी चौकट विचारते: टास्कबारवर ठेवू का, डेस्कटॉपवर ठेवू का, आणि ‘ऑटो-स्टार्ट ऑन डिव्हाइस लॉगिन’. या शेवटच्या खुणेसाठीच हा खटाटोप. कॉम्प्युटर चालू करून लॉगिन झालं की कॅलेंडर आपसूक उघडतं. तुम्ही ते फक्त खाली मिटायचं, फुलीवर टिचकी मारायची नाही.

क्रोमवरच राहायचं असेल तर कॅलेंडरच्या टॅबवर उजवी टिचकी मारून ‘पिन’ करा, आणि क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’खाली मागची पानं पुन्हा उघडण्याचा पर्याय घ्या. आणखी एक गोष्ट: मेमरी वाचवण्यासाठी क्रोम न वापरलेले टॅब झोपवतो. सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडून ‘ऑलवेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह’ या यादीत कॅलेंडर घाला. एजमध्येही टॅब झोपवण्याची अशीच सोय आहे, तिथेही कॅलेंडरला सूट द्या.

आणि कॉम्प्युटरच झोपला असेल तर काहीच येणार नाही. ‘पॉवर’मध्ये पडदा 10 मिनिटांनी बंद आणि ‘स्लीप’ दोन तासांनी अशी वेळ ठेवली, तर दिवसभर काम भागतं. फक्त आठवणीसाठी रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवू नका, विजेचा भुर्दंड कशाला? पहाटेचं पाणी भरायची वेळ किंवा सकाळची गाडी यांसाठी फोनचा गजरच बरा. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीला पडद्यावरच्या आठवणीबरोबर ‘ईमेल’ची आठवणही जोडा. कॉम्प्युटर बंद असला तरी ईमेल इनबॉक्समध्ये थांबून राहतो. काही जुने वापरणारे अजून एसएमएसची सोय शोधतात. साध्या खात्यांसाठी गूगलने ती जून 2015 मध्येच बंद केली.

आता चाचणी

पान उघडं असताना कीबोर्डवर सी दाबा, नवी नोंद उघडते. नाव द्या ‘चाचणी’, वेळ आत्तापासून दहा मिनिटांनंतरची, आठवण 5 मिनिटं आधी. सेव्ह करा, कॅलेंडर खाली मिटा आणि दुसरं काहीतरी उघडून बसा. पाच मिनिटांत कोपऱ्यात चौकट आणि आवाज आला पाहिजे. नाही आला तर विंडोज, मग ब्राउझर, मग कॅलेंडर असं उलट्या क्रमाने बघत या. आधी खालच्या टास्कबारवरच्या घंटेशेजारी अडवल्याची खूण आहे का ते पाहा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असेल तर विंडोज 11 तिथेच दाखवतं.

कशाची आठवण, आणि कधीची

आठवण मुदतीच्या दिवसाची लावायची नसते, काम करता येईल त्या वेळेची लावायची असते. ‘बिलाची शेवटची तारीख’ अशी नोंद रात्री 9 वाजता वाजून काय उपयोग? नोंदीचं नाव क्रियापदाने संपवा: ‘वीजबिल भरणे’, ‘मेंटेनन्सचा चेक देणे’. खालच्या वर्णनात ग्राहक क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे बिल शोधत कपाट उपसावं लागत नाही. पासवर्ड आणि पिन मात्र तिथे कधीही लिहू नका.

मुंबईत वीजबिल शहरभागात बेस्टचं, उपनगरांत अदानी किंवा टाटाचं, भांडुप-मुलुंडकडे महावितरणचं. कुणाचंही असलं तरी भरायची तारीख दर महिन्याला थोडी इकडेतिकडे होते. म्हणून नेमकी तारीख न धरता बिल यायच्या सुमाराला ‘बिल आलं का पाहणे’ अशी दरमहा नोंद करा, आणि बिल हातात आलं की खरी मुदत टाका. दरमहा नोंद 31 तारखेला लावू नका. ज्या महिन्यात 31 नाही तो महिना कॅलेंडर चक्क वगळतं. महिनाअखेरीची कामं 28 ला ठेवा.

पीपीएफमध्ये पैसे टाकणाऱ्यांनी 5 तारखेची नोंद करावी, कारण 5 तारखेनंतर महिनाअखेरीपर्यंतच्या कमीत कमी शिलकेवर त्या महिन्याचं व्याज धरतात. आठवण 2 तारखेला लावा, मध्ये रविवार आला तरी अडत नाही. पेन्शनवाल्यांसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांसाठी आगाऊ आयकराच्या 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या चार तारखा.

गणपतीच्या गाडीचं तिकीट हा तर मुंबईतल्या अर्ध्या घरांचा जिव्हाळ्याचा विषय. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, सकाळी 8 वाजता. 2026 मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. शुक्रवारी 11 सप्टेंबरच्या रात्री कोकणकन्येने निघायचं तर आरक्षण उघडणार 13 जुलैला. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणून त्याच ‘शुक्रवारी रात्री’ची तिकिटाची तारीख 12 सप्टेंबर धरायची आणि आरक्षणाचा दिवस 14 जुलै. या एका दिवसाच्या फरकाने किती घरांची तिकिटं जातात! आता कॅलेंडरची अडचण अशी की एखाद्या नोंदीची आठवण जास्तीत जास्त 4 आठवडे आधीच लावता येते. म्हणून 11 सप्टेंबरच्या नोंदीला ‘60 दिवस आधी’ असं सांगता येणार नाही. 13 जुलैची वेगळी नोंद करा, सकाळी 8 ची. तिला दोन आठवणी द्या: 15 मिनिटं आधीची आणि 14 तास आधीची. दुसरी आदल्या संध्याकाळी 6 ला येते. तेव्हा आयआरसीटीसीचं लॉगिन चालतंय का ते पाहायचं आणि प्रवाशांची यादी भरून ठेवायची. आठला खिडकी उघडल्यावर आजीचं वय विचारत बसायला वेळ नसतो. तत्काळ काढायचंच झालं तर प्रवासाच्या आदल्या दिवशी, एसीसाठी 10 वाजता आणि बाकीच्यांसाठी 11 वाजता, त्याचीही नोंद आत्ताच करून ठेवा.

तिथीची गोष्ट निराळी. कॅलेंडरमधलं ‘दरवर्षी’ हे इंग्रजी तारखेने चालतं. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती थेट 14 सप्टेंबरला गेली. आजोबांचं श्राद्ध, तिथीने करायचा वाढदिवस, संकष्टी, यांना ‘दरवर्षी’ किंवा ‘दरमहा’ लावलं तर चुकीच्या दिवशी आठवण येणार. त्यावर उपाय एकच आहे आणि तो सुटसुटीत आहे. डावीकडे ‘अदर कॅलेंडर्स’शेजारच्या अधिकच्या चिन्हावरून ‘क्रिएट न्यू कॅलेंडर’ करा, नाव द्या ‘तिथी’, रंग वेगळा द्या. नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली की घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा, त्यांनी सांगावं आणि तुम्ही वर्षभराच्या तिथी टाकत जावं. तासाभराचं काम आहे. या कॅलेंडरच्या आठवणी वेगळ्या लावाव्या लागतात, मुख्य कॅलेंडरच्या इथे लागू होत नाहीत.

आउटलुक, मॅक आणि बाकीचे

विंडोजचं जुनं ‘मेल’ आणि ‘कॅलेंडर’ ॲप वापरत असाल तर त्यावर विसंबू नका, मायक्रोसॉफ्टने 31 डिसेंबर 2024 नंतर त्याला आधार देणं थांबवलं. त्याच्या जागी नवं आउटलुक आहे. त्यात जीमेलचं खातं जोडता येतं, आणि सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे कॅलेंडरच्या सूचना चालू करायच्या. विंडोजच्या नोटिफिकेशन्सच्या यादीत मग क्रोमऐवजी आउटलुक चालू ठेवायचं.

मॅकवर काम सोपं आहे. ‘सिस्टीम सेटिंग्ज’मध्ये ‘इंटरनेट अकाउंट्स’ इथे गूगल खातं जोडा आणि कॅलेंडरची खूण करा. मॅकचं स्वतःचं कॅलेंडर ॲप बंद असलं तरी आठवण येते. ‘नोटिफिकेशन्स’मध्ये कॅलेंडरसाठी बॅनरऐवजी थांबून राहणारा अलर्ट निवडा. लिनक्सवर आणि ज्यांना गूगल नको त्यांच्यासाठी थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम मोफत आहे, त्यात कॅलेंडर असतंच, आणि बंद असताना चुकलेल्या आठवणी उघडल्यावर दाखवण्याचीही सोय आहे.

कुणालाही हाताशी लागेल अशी आणखी एक सेटिंग: अनोळखी लोक कॅलेंडरचं आमंत्रण पाठवून तुमच्या दिनक्रमात ‘बक्षीस लागलं’ किंवा ‘खातं बंद होणार’ अशा नोंदी घुसवतात. गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर’ इथे ‘ओन्ली इफ द सेंडर इज नोन’ निवडा. तशी नोंद दिसलीच तर तिच्यातल्या दुव्यावर टिचकी मारू नका, सरळ स्पॅम म्हणून कळवा.

घरातल्यांना जोडताना

‘तिथी’चं किंवा बिलांचं कॅलेंडर सगळ्यांना दिसावं असं वाटत असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘शेअर विथ स्पेसिफिक पीपल’ इथे घरच्यांचे ईमेल टाका. ज्यांनी नोंदी बदलाव्यात त्यांना ‘मेक चेंजेस टू इव्हेंट्स’, बाकीच्यांना नुसतं बघण्याची परवानगी. मात्र कॅलेंडर वाटलं तरी तुमच्या आठवणी वाटल्या जात नाहीत. आईला चौकट हवी असेल तर तिच्या खात्यात, त्या कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये, तिच्या सोयीची वेळ वेगळी लावावी लागते. तेव्हा पुढच्या रविवारी तिच्याकडे गेलात की तिच्याच कॉम्प्युटरवर बसून कॅलेंडर, ब्राउझर, विंडोज आणि उघडं पान या चारही गोष्टी पाहा, आणि दहा मिनिटांची ती चाचणी तिला स्वतःला करायला सांगा.